युद्धखेळाची सुधारणा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका पुतण्यानें तीन दिवसांत दिल्ली घेतली. संगणकाच्या पडद्यावर घेतली हें सांगावयास नकोच. परंतु घेतली ती मराठ्यांच्या बाजूनें, आणि म्हणून घरांतील वडील माणसांनींहि त्याचें थोडेंबहुत कौतुक केलें. खेळाचें नांव ‘एम्पायर : टोटल वॉर’. इंग्लंडांतील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या मंडळीनें तो २००९ सालीं प्रसिद्ध केला. इ. स. १७०० पासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ त्यांत घेतलेला असून फ्रान्स, इंग्लंड, प्रशिया, रशिया अशा राष्ट्रांच्या पंक्तीस मराठ्यांचें राज्यहि मांडलेलें आहे. खेळणाऱ्यानें त्यांपैकीं एक राज्य पत्करावें, कर बसवावे, फौजा उभाराव्या, आणि वर्षाला दोन पाळ्या या हिशेबानें शतक काढावें. लढाईची वेळ आली कीं नकाशा बाजूस सरतो आणि रणांगण पुढें येतें. चित्र इतकें सुबक, कीं धुराच्या लोटांत शिरणारा एकेक स्वार निराळा दिसतो.

दिल्ली पडली त्या रात्रीं जेवतांना हा वीर म्हणाला, “काका, भाऊसाहेबांना एवढें साधें कसें जमलें नाहीं? मी असतों तर अब्दालीला यमुनाच ओलांडूं दिली नसती.” पंक्तीस बसलेलीं सर्व हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण पुष्कळ वर्षांपूर्वीं, कोणताहि संगणक समोर नसतांना, हेंच वाक्य आम्हीं स्वतः शाळेच्या वक्तृत्वसभेंत टाळ्यांच्या गजरांत म्हटलेलें होतें.

पोराचा दोष नाहीं. त्या खेळांत साताऱ्याहून निघालेली फौज नर्मदा आणि चंबळ ओलांडून उत्तरेस जाते, तेव्हां तिच्या देखभालीचा आंकडा दर पाळीस खजिन्यांतून वजा होतो हें खरें. पण वाटेंत एकाहि बैलास चारा लागत नाहीं. सैन्याबरोबर बाजार नाहीं, बुणगे नाहींत, यात्रेकरू नाहींत, बायकापोरें नाहींत. रणांगणावर बोटानें खूण केली कीं डावी बगल तत्क्षणीं वळते; कोणी सरदार रुसत नाहीं, कोणाचा पगार थकलेला नसतो. शत्रूची फौज नजरेआड असली तर ती दिसूं नये, एवढी खबरदारी खेळ रचणाऱ्यांनीं घेतली आहे; परंतु आपली स्वतःची फौज शेंकडों कोसांवर असली तरी ह्या घटकेस ती कोठें आहे, तींत माणसें किती उरलीं आहेत, हें धन्यास नेहमीं अचूक दिसतें. असा धनी पृथ्वीवर आजवर झाला नाहीं. आणि अशा आसनावर बसून ज्यानें तीन दिवस राज्य केलें, त्यानें सदाशिवरावास नांवें ठेविलीं तर नवल कसलें!

हा दोष घालवितां येईल काय, ह्याचा विचार करूं लागलों तेव्हां असें आढळून आलें, कीं युद्धखेळाचा सबंध इतिहास हाच मुळीं सुधारणेच्या सूचनांचा इतिहास आहे. आजचे खेळाडू ज्या तक्रारी करितात, त्यांतील पुष्कळशा दोनशें वर्षांपूर्वींच कोणी ना कोणी केलेल्या आहेत, आणि त्यांवर तोडगेहि निघाले होते.

प्रारंभ अर्थातच बुद्धिबळांत आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें पटावर मांडून आपल्या पूर्वजांनीं जो चतुरंगाचा खेळ निर्माण केला, तोच इराण व अरबस्तान यांच्या वाटेनें युरोपांत गेला. बुद्धिबळ हा बुद्धीचा खेळ म्हणून अद्वितीय आहे. युद्धाचें चित्र म्हणून मात्र तो अगदींच एकांगी आहे. त्यांत डोंगर नाहीं, नदी नाहीं, दैव नाहीं, आणि कांहीं लपलेलेंहि नाहीं. ही उणीव प्रथम पद्धतशीरपणें भरून काढूं पाहणारा गृहस्थ म्हणजे ब्रन्सविक येथील गणिताचा अध्यापक हेलविग. त्यानें १७८० सालीं सोळाशेंहून अधिक घरांचा एक प्रचंड पट सिद्ध केला व घरांस निरनिराळे रंग देऊन डोंगर, दलदल, पाणी हे भेद दाखविले. त्याच्यामागून त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत व्हेंटुरिनी नांवाच्या दुसऱ्या जर्मन गृहस्थानें पट आणखी वाढविला, आणि त्यांत ऋतूंचा परिणाम, रसदेचे तांडे, इतकेंच नव्हे तर सैन्याबरोबर फिरणाऱ्या पावाच्या भट्ट्यांचेहि नियम घातले. व्हेंटुरिनीचें म्हणणें तत्त्वतः अगदीं खरें होतें. परंतु सेनापति व्हावयास आलेल्या माणसास त्यानें कोठीवरचा कारकून करून टाकलें. खरें तें सर्वच खेळांत कोंबावयाचें नसतें, हा धडा व्हेंटुरिनीपासून घ्यावयाचा. आणि तो आजच्याहि पुष्कळ खेळ रचणाऱ्यांस घेतां आलेला नाहीं.

खरी क्रांति केली ती राइसविट्झ या नांवाच्या बापलेकांनीं. बाप ब्रेस्लाव येथें प्रशियाच्या सरकारचा मुलकी अधिकारी होता. नेपोलियननें प्रशिया पायाखालीं तुडविलेली होती, अशा काळांत त्यानें वाळूच्या पेटींत टेंकड्या व नद्या उठवून त्यांवर लहान लहान ठोकळ्यांच्या फौजा खेळविण्यास आरंभ केला. बुद्धिबळाचीं घरें त्यानें मोडून टाकलीं, हें त्याचें मोठें काम. फौज घरांतून घरांत उडी मारीत नाहीं, ती जमिनीवरून चालते. राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्या कानावर ही गोष्ट गेली व त्यानें तो खेळ पाहण्याची इच्छा दर्शविली. आतां राजापुढें वाळू कशी न्यावी? म्हणून ह्या गृहस्थानें वेळ मागून घेतला, आणि १८१२ सालीं एक भलें मोठें मेज दरबारीं नेलें. त्यावर भूमीचे उंचसखल तुकडे हवे तसे जोडून कोणताहि प्रदेश मांडतां येत असे, आणि ठोकळे, मापें व फांसे ठेवण्यास खालीं खण केलेले होते. राजवाड्यांत तें मेज फार आवडलें. पण आवडलें तें एक सुंदर वस्तु म्हणून. सैन्यास त्याचा उपयोग झाला नाहीं. देखणेपणानें उपयुक्ततेचा घात होतो तो असा.

मुलगा तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें बापाचें मेज बाजूस सारून साधा कागदी नकाशा घेतला. आठ हजारांस एक हें त्याचें प्रमाण. त्यावर लाल व निळे असे दोन पक्षांचे ठोकळे. एकेक पाळी युद्धांतील दोन मिनिटांची. बंदुकांचा व तोफांचा मारा किती अंतरावर किती लागू पडतो, याचे जे प्रयोग शार्नहोर्स्ट या प्रशियन सेनानीनें करून ठेविले होते, त्यांच्या आधारें कोष्टकें केलीं व दैवासाठीं फांसे ठेविले. परंतु कोष्टकें आणि फांसे हें ह्या खेळाचें मर्म नव्हे. मर्म तिसऱ्या माणसांत होतें. दोन्ही पक्षांच्या मध्यें त्यानें एक पंच बसविला. खेळाडूंनीं आपले हुकूम कागदावर लिहून पंचास द्यावयाचे; पंचानें ते तपासून ठोकळे हालवावयाचे; आणि ज्या पक्षास जेवढें दिसणें शक्य आहे तेवढेंच त्याच्यापुढें मांडावयाचें. हुकूम पोंचण्यास जो वेळ लागेल, बातमी येण्यास जो वेळ लागेल, तो पंचानें हिशेबांत धरावयाचा. म्हणजे ह्या पंचविशी-तिशीच्या तरुणानें सेनापतीचे डोळे अर्धे झांकले आणि त्याची जीभ मंद केली. युद्ध म्हणजे काय हें त्यास ठोकळ्यांपेक्षां या दोन गोष्टींत अधिक सांपडलें होतें.

राजपुत्र विल्यम, जो पुढें जर्मनीचा पहिला बादशहा झाला, त्यास हा खेळ फार आवडला व त्याच्या शिफारसीनें १८२४ सालीं सेनाकार्यालयाचा मुख्य म्यूफलिंग याच्यापुढें तो करून दाखविण्यांत आला. म्यूफलिंग आरंभीं अगदीं थंडपणें बसला होता असें सांगतात. जसजशा फौजा हालूं लागल्या तसतसा तो पुढें सरकला, आणि शेवटीं उठून, हा खेळ नसून प्रत्यक्ष युद्धाचें शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढिले. लवकरच त्याच्या शिफारसीनें प्रशियाच्या पलटणींत हा ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, पसरूं लागला. कर्त्याच्या वांट्यास काय आलें? दोनच वर्षांनीं त्याची बर्लिनहून टोर्गाव येथील किल्ल्यांत बदली झाली. बढती मिळाली होती. तरी त्यानें ती हद्दपारीच मानली, आणि १८२७ सालीं स्वतःच्या हातानें जीविताचा शेवट करून घेतला. ज्यानें सर्व सेनापतींस अपुऱ्या बातमीवर धीर धरण्यास शिकविलें, त्यास स्वतःच्या आयुष्याच्या एका अपुऱ्या बातमीवर धीर धरतां आला नाहीं, ह्याचें वाईट वाटतें.

पुढें मोल्टकेसारख्या सेनानीनें या खेळास आश्रय दिला. १८७० सालीं प्रशियानें फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हां इतर राष्ट्रांचेंहि लक्ष तिकडे वळलें. मात्र तोंपर्यंत नियम इतके बोजड झाले होते, कीं पंच होण्यास कोणी धजेना. एका चकमकीचा निकाल काढण्यास कोष्टकें चाळतां चाळतां संध्याकाळ होई. मोल्टकेच्याच हाताखालीं १८७० च्या युद्धांत काम केलेला व्हेर्डी दु व्हेर्नुआ हा अधिकारी १८७६ सालीं पुढें आला आणि म्हणाला, कोष्टकें मिटा, फांसेहि ठेवून द्या. पंच अनुभवी असला म्हणजे त्याचा निर्णय पुरे. अशा रीतीनें युद्धखेळाचे दोन पंथ झाले, एक नियमनिष्ठांचा व दुसरा मुक्तांचा. मुक्त पंथाच्या खेळास वेग आला हें खरें. पण पंचच जर वरिष्ठाच्या मर्जींतला असला तर?

ह्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास साठ-पांसष्ट वर्षें लागलीं. युद्धखेळावर लिहिणारा मेकेल नांवाचा दुसरा एक प्रशियन अधिकारी १८८५ सालीं जपानांत तेथील सेनाधिकाऱ्यांचा शिक्षक म्हणून गेला. जर्मनांच्या विद्येबरोबर युद्धखेळाची संवयहि जपानी लष्करांत मुरली. १९४२ च्या मे महिन्यांत ‘यामातो’ या लढाऊ जहाजावर मिडवे बेटावरील नियोजित स्वारीचा खेळ मांडण्यांत आला. फुचिदा व ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांनीं युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकांत त्याची हकीकत दिलेली आहे. खेळांत अमेरिकन विमानांनीं जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. फांशानें नऊ बाँब लागल्याचा कौल दिला. ‘अकागी’ व ‘कागा’ हीं दोन्ही जहाजें बुडालीं असें पंचानें जाहीर केलें. तेव्हां खेळावर देखरेख करणारा उगाकी हा सेनानी मध्यें पडला व त्यानें नवांचे तीन करविले. ‘अकागी’ वांचलें. ‘कागा’ बुडालें, पण तेंहि पुढच्या मोहिमेच्या खेळांत पाण्यावर येऊन पुन्हां लढूं लागलें. ४ जून रोजीं खऱ्या समुद्रांत हीं दोन्ही आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन विमानवाहू जहाजें गेलीं, आणि तेथें नवांचे तीन करणारा कोणी नव्हता.

त्याच वर्षीं लिव्हरपूल येथें याच्या अगदीं उलट प्रकार चालला होता. क्षयामुळें नौदलांतून निवृत्त झालेला गिल्बर्ट रॉबर्ट्स हा कप्तान आणि नौदलाच्या स्त्री-विभागांतील कांहीं तरुणी, यांनीं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील जमिनीलाच समुद्र कल्पून तींवर लहान लहान जहाजें मांडलीं. जहाजांच्या मार्गांच्या रेघा पांढऱ्या खडूनें काढीत. जर्मन पाणबुड्यांच्या मात्र हिरव्या खडूनें. रक्षक जहाजांचे अधिकारी पडद्याआड उभे राहून फटींतून पाहात, आणि तेथून त्यांस ती हिरवी रेघ दिसत नसे. ह्या खेळांतूनच पाणबुड्या रात्रीं पृष्ठभागावरून मागच्या बाजूनें येऊन खुद्द तांड्याच्या पोटांत शिरतात व तेथूनच मारा करतात, हें उमगलें. आणि त्यावर केलेला डाव अटलांटिकवरच्या जहाजांस शिकविण्यांत आला. राइसविट्झनें जें काम पंचाकडून करविलें तें येथें एका हिरव्या खडूनें केलें. सुधारणा म्हणावयाची ती अशी. तींत खर्च कांहींच नाहीं. खेळणाऱ्यास किती दिसावें एवढेंच तींत ठरविलेलें आहे.

आतां संगणकाकडे वळूं. संगणक हा पंच म्हणून आदर्श आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. त्यास कोष्टकांचा कंटाळा नाहीं, वरिष्ठाची भीति नाहीं, आणि लपविण्याची कला तर त्यास सहज साध्य आहे. १९९२ सालच्या ‘ड्यून २’ या खेळांत न पाहिलेला सर्व मुलूख काळा दिसत असे. १९९५ सालच्या ‘वॉरक्राफ्ट २’ मध्यें त्याच्या पुढची पायरी आली, म्हणजे एकदां पाहून सोडलेल्या मुलखावर धुकें पसरूं लागलें आणि तेथील शत्रूची हालचाल दिसेनाशी झाली. परंतु येथेंच गाडी अडली. शत्रु धुक्यांत गेला. आपण मात्र लख्ख उन्हांतच राहिलों. हुकूम विजेच्या वेगानेंच जात राहिला. आणि नवी आवृत्ति निघाली कीं तींत सुधारणा होते ती चिलखतांच्या चकाकींत. त्या बाप राइसविट्झचें मेज अद्यापि राजवाड्यांतच आहे म्हणावयाचें!

शिवाय निःपक्षपाती पंचाचा जो लाभ व्हावयाचा, तोहि खेळाडूनें बुडविला आहे. लढाई हरली कीं पूर्वीं जतन करून ठेवलेला डाव उघडावयाचा व ती पुन्हां लढावयाची. आमच्या पुतण्यानें दिल्ली तिसऱ्या खेपेस घेतली, हें त्यानें आम्हांस मागाहून, जरा लाजतच, सांगितलें. पहिल्या दोन खेपा जमेस धरावयाच्या नसतात असा प्रघात आहे म्हणे. म्हणजे घरोघर एकेक उगाकी बसला आहे, आणि प्रत्येकाचें ‘कागा’ पुन्हां पाण्यावर येत आहे. कित्येक खेळांत ही सोय बंद करण्याचा एक कठोर प्रकार ठेवलेला असतो. आमची पहिली सूचना अशी कीं, ज्या खेळास इतिहासाचें नांव लावावयाचें, त्यांत तोच मूळ प्रकार असावा, आणि सवलत ज्यास पाहिजे त्यानें ती मागून घ्यावी.

दुसरी सूचना डोळ्यांची. नकाशावर आपली दूरची फौज आज आहे तेथें न दाखवितां, तिच्याकडून आलेल्या शेवटच्या पत्राच्या तारखेस होती तेथें दाखवावी, आणि पत्र जसजसें जुनें होईल तसतसा तिचा रंग फिका होत जावा. एवढ्यानेंच खेळ किती बदलेल! १७६० च्या ऑक्टोबरांत भाऊसाहेब कुंजपुरा घेऊन बसले होते. यमुना दुथडी भरलेली, ती अब्दालीस उतरतां येणार नाहीं हा अदमास त्या वेळच्या माहितीवर मूर्खपणाचा नव्हता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत अब्दाली बागपताजवळ पाण्यांत घोडे घालून पार झाला, आणि ती बातमी भाऊस कळली तेव्हां तो दिल्लीच्या वाटेवर आडवा येऊन उभा होता. पुढें दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक मराठी तुकडी रात्रीं वाट चुकून शत्रूच्याच छावणींत शिरली व कापली गेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं सर्व आटोपलें. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांस तें कळलें तें दहाएक दिवसांनीं, माळव्यांत भेलसा येथें. मधल्या दिवसांत पेशव्यांच्या मनांतील नकाशावर पानिपतची फौज जशीच्या तशी उभी होती. हा फिका रंग आजच्या कोणत्याहि पोरास दाखविला पाहिजे.

तिसरी सूचना हुकुमाची. हुकूम जासुदाबरोबर जावा, त्यास वाट चालावी लागावी, प्रसंगीं तो जासूद मारला जावा. गेटिसबर्गच्या लढाईवरील ‘स्कर्ज ऑफ वॉर’ या खेळांत स्वारांच्या हातीं हुकूम पाठविण्याची सोय आहे, आणि २०१९ सालच्या ‘रेडिओ कमांडर’ या व्हिएतनामवरील खेळांत तर सेनापतीपुढें नुसता नकाशा असून कानावर येणाऱ्या बातम्यांवरच त्यास सर्व ताडावें लागतें. तेव्हां हें अशक्य नाहीं. परंतु आम्ही आणखी एक पाऊल पुढें जाऊं. हुकूम पोंचल्यावर तो सरदारानें आपल्या स्वभावाप्रमाणें, आपल्या थकलेल्या पगाराप्रमाणें आणि दरबारांत पूर्वीं झालेल्या मानापमानाप्रमाणें ऐकावा. इब्राहिमखानाचे गारदी कवायतीनें लढणारे. त्यांचा गोल बांधून चालण्याचा बेत. मल्हारराव होळकरांचें उभें आयुष्य घोड्यावरच्या धांवत्या लढाईंत गेलेलें. हीं दोन शास्त्रें एकाच सेनेंत नांदत होतीं, आणि त्यांची सांधेजोड करणें हें भाऊचें खरें काम होतें. आमच्या पुतण्याच्या पडद्यावर गारदी आणि हुजुरात दोघेहि एकाच बोटावर नाचतात. मग भाऊस काय अवघड होतें, हें त्यास कळावें कसें?

चौथी सूचना पोटाची, आणि खरी जड तीच. ‘एम्पायर’च्या मागून २०१० सालीं निघालेल्या नेपोलियनवरील खेळांत थंडीनें व वाळवंटानें सैन्य झिजूं लागलें, पुढें २०१९ सालच्या चीनवरील खेळांत सैन्याची शिधासामग्री मोजली जाऊं लागली. म्हणजे खेळ रचणाऱ्यांस ही उणीव ठाऊक आहे. व्हेंटुरिनीच्या भट्ट्या मात्र पुन्हां पेटवूं नयेत. खेळाडूस पोत्यांचा हिशेब ठेवावयास न लावतां प्रत्येक फौजेवर एकच आंकडा असावा: ह्या माणसाजनावरांस किती दिवसांचें अन्न आहे. एकाच मुलुखांत तळ पडून राहिला कीं तो उतरावा, शत्रूच्या स्वारांनीं वाट अडविली कीं भराभर उतरावा, आणि लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचींहि तोंडें त्यांत मोजलीं जावीं. बुणगे व बायकामाणसें मागें एखाद्या किल्ल्यांत ठेवावीं असा सल्ला सूरजमल जाटानें भाऊस दिला होता, अशी गोष्ट सांगतात. खेळांतहि ती मोकळीक असावी. पण तीबरोबर सरदारांची नाराजी यावी, कारण घरचीं माणसें परमुलखांत परक्याच्या हवालीं करून पुढें जाणें कोणास रुचतें? नोव्हेंबरापासून अडीच महिने पानिपतच्या खंदकाआड तो आंकडा कसा उतरत गेला, हें आपल्या बखरींत वाचूं गेलें तरी अंगावर कांटा येतो. शेजवलकरांचा पानिपतवरील ग्रंथ १९४६ सालीं निघाला, तेव्हांपासून भाऊवरील जुन्या आक्षेपांची फेरतपासणी अभ्यासकांत चालू आहे. पण वाद घालणारांस त्या छावणींत आठ दिवस ठेवण्याची सोय ग्रंथास नसते. ती खेळास आहे. म्हणूनच आमचा त्यावर एवढा डोळा.

यावर कोणी म्हणेल, खेळ हा करमणुकीसाठीं असतो. उपास काढावयास कोण येईल? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. रसद, जासूद, रुसवे हें सर्व एकदम घातलें तर खेळ शाळेच्या तासासारखा होईल, आणि आम्हांस स्वतःलाच तो दोन दिवसांवर खेळवणार नाहीं. परंतु न दिसण्यांत गंमत नाहीं हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. ज्यानें लहानपणीं लपंडाव खेळला आहे त्यानें तरी तें बोलूं नये.

ह्या सूचना त्या इंग्रज मंडळीकडे कळविण्यापूर्वीं आपण घरीं करून पाहाव्या, असें आम्हीं ठरविलें. सुटी संपावयास दोन दिवस होते. उत्तर हिंदुस्थानचा नकाशा पसरला. गंजिफांच्या जुन्या डब्यांतील सोंगट्या फौजा झाल्या. पुतण्या भाऊसाहेब होऊन माजघरांत बसला; त्याची धाकटी बहीण अब्दाली होऊन माडीवर. मधल्या जिन्यावर आम्ही पंच. अट एवढीच, कीं दोघांनींहि जें सांगावयाचें तें चिठीवर लिहावें, आणि चिठी पंचाच्या घड्याळाप्रमाणें पोंचेल. कुंजपुऱ्यापर्यंत भाऊसाहेबांच्या चिठ्या मोठ्या ऐटीच्या होत्या. मग त्या आंखूड होत गेल्या. माडीवरून मात्र फारशा चिठ्या येतच नव्हत्या. अब्दालीनें गोविंदपंत बुंदेल्यांवर स्वार पाठविल्याची एक आली, तीहि चार शब्दांची. गोविंदपंत म्हणजे दुआबांतून रसद पाठविणारे वृद्ध अधिकारी. खऱ्या इतिहासांत १७६० च्या डिसेंबरांत ते अशाच अचानक छाप्यांत मारले गेले. आमच्या जिन्यावरहि फांसा त्यांच्या विरुद्ध पडला. नियमाप्रमाणें ती बातमी भाऊस पोंचण्यास अजून दोन पाळ्या होत्या, म्हणून चिठी आम्हीं हातांतच ठेविली.

इतक्यांत माजघराचें दार किलकिलें झालें व पुतण्यानें एक कागद पुढें केला. त्यावर लिहिलें होतें: “गोविंदपंतांस. धान्य नऊ दिवसांचें उरलें आहे. त्वरा करावी. कोठें आहांत तें कळवावें.”

आम्हीं तो कागद घेतला, घड्याळाकडे पाहिलें, आणि दुसऱ्या चिठीखालीं ठेवून दिला.